पेटी आधी उघडू की आजीजवळ आधी बसू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव वाळवे तालुक्यातलं. आजोबा मुंबईला गिरणीत होते, ते आता नाहीत. आजी शहाऐंशी वर्षांच्या, गावीच असतात. माळ्यावरच्या पेटीत मोडी कागदांचं गाठोडं सापडलंय. पणजोबांच्या पलीकडे कुणाचं नावही ठाऊक नाही. 'आपले पूर्वज पानिपतात पडले' आणि 'पणजोबांचा भाऊ लढाईला गेला तो आलाच नाही' या दोन गोष्टी तेवढ्या ऐकत आलेले. घरच्या ग्रुपवर थोडं लिहायला घेतलं, त्यात पणजोबांच्या दुसऱ्या बायकोचा उल्लेख आला आणि चुलते भडकले. सुरुवात कुठून करावी, आणि लिहावं की थांबावं?

पेटी राहू द्या. कागद शे-सव्वाशे वर्षं गप्प बसलेत, आणखी वर्षभर बसतील. येत्या रविवारी गावाला जा आणि आजींजवळ बसा.

हे मी सांगावं याचं तुम्हाला नवल वाटेल, कारण गेली अठ्ठावीस वर्षं माझं पोट कागदांवरच चाललंय. कोल्हापुरात मोडी वाचून देते. लोक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दफ्तरं, घेऊन येतात, मी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत उतरवून देते. पण माझ्याच आजोळच्या एका वाटणीपत्रात 'कृष्णी' असं नाव आहे. पुढे ना बापाचं नाव, ना नवऱ्याचं. तिला दरसाल दोन लुगडी आणि पोटापुरते दाणे द्यावेत, एवढं लिहिलंय. ही कोण, हे सांगू शकेल अशी एकच बाई होती, माझ्या आईची आत्या. तिला विचारायचं मी दोन दिवाळ्या पुढं ढकललं. आधी सगळे कागद वाचू, मग नीट प्रश्न काढून जाऊ, असा माझा शहाणपणा. कागद वाचून झाले तेव्हा आत्या गेली होती. कृष्णी अजून तशीच आहे, दोन लुगड्यांसकट.

आता आजींकडे जाऊन 'घराण्याचा इतिहास सांग' असं म्हणू नका. 'मला काय ठावं बाबा, मी आपली सून' म्हणून त्या मोकळ्या होतील. त्यापेक्षा फळीवरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढा आणि एकेक त्यांच्या पुढ्यात ठेवा. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर नाव घालायची रीत होती. टिंबाटिंबांनी टोचलेली अक्षरं, देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, कधी तारीख, कधी नुसती तिथी. घागर, कळशी, परात, पाण्याचं घंगाळ. 'ही कुणाची गं?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. मी एका घरी एका परातीवर अडीच तास ऐकलंय. परात देणारी नणंद कोण, तिचं सासर कुठलं, तिच्या लग्नात कोण रुसलं, मग ती माहेरी का राहिली, आणि पुढं त्या वादात विहिरीचं पाणी कुणी कुणाला तोडलं.

भांड्यांपासून सुरुवात करायचं दुसरंही कारण आहे. आपली वंशावळ बापाकडून लेकाकडे उतरते. तिच्यात बायका नसतातच, आणि असल्या तरी नाव एकाच काळाचं असतं. लग्नात नाव बदलायची पद्धत ज्या घरांत होती तिथं एकच बाई माहेरच्या कागदात चंद्रा आणि सासरच्या सात-बाऱ्यावर लक्ष्मी असते, आणि संशोधन करणारा नातू तिच्या दोन बाया करून ठेवतो. म्हणून प्रत्येक बाईची चार गोष्टींची नोंद घ्या: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, आणि घरात तिला काय हाक मारायचे. पुरुषांचंही सोपं नाही. नातवाला आजोबाचं नाव ठेवायच्या आपल्या हौसेपायी रामजी-गणोजी-रामजी-गणोजी अशी माळ लागते, आणि घरात सगळे आप्पा नाहीतर तात्या. कुठला रामजी, हे ठरवायला त्याच्या बायकोचं नाव हीच सगळ्यात पक्की खूण.

आजी ओव्या म्हणत असतील तर त्या जरूर म्हणवून घ्या. जात्यावरच्या ओवीत भावाचं नाव, माहेरची वाट, दीर-सासऱ्याचा स्वभाव, सगळं येतं. जे तोंडानं बोलायला बाई बिचकेल ते ओवीत सरळ म्हणून जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या वाचल्यात तर तुमच्या आजींच्या ओवीत नेमकं काय ऐकायचं याचा कान तयार होईल.

म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नये. साल आठवत नाही म्हणून ते ओशाळतात आणि पुढचंही बोलत नाहीत. प्रसंग विचारा. गांधीवधानंतर जाळपोळ झाली तेव्हा तुम्ही केवढ्या होता? कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे अंगावर कोण पीत होतं? (तो ११ डिसेंबर १९६७.) बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला घरातलं कोण गेलं, सुकडी कुठं मिळायची? गिरण्यांचा संप झाला तेव्हा आजोबा गावी परत आले की तिथंच राहिले? हा जानेवारी १९८२. अशा खुंट्यांना बाकीच्या गोष्टी टांगल्या की सालं आपोआप निघतात. आजींच्या सासूनं सांगितलेल्या गोष्टींसाठी त्याहून जुन्या खुंट्या आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढं गावंच्या गावं माळावर झोपड्या घालून राहिली, आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जिला जुनी माणसं मानमोडी म्हणायची. ही दुसरी लक्षात ठेवा, तुमच्या चुलत्यांच्या रागाशी तिचा संबंध असू शकतो. त्याकडे शेवटी येते.

मोबाईल उशीवर पालथा ठेवून रेकॉर्डिंग लावा आणि विसरून जा, पण लावलंय हे आजींना आधी सांगा. एका बैठकीला तासभर पुरे. चूक दुरुस्त करू नका, 'आजी, मागं तर तू वेगळं म्हणालीस' असं तर अजिबात नको. महिन्याने तोच प्रश्न परत विचारा. दोन्ही वेळेला जे सारखं येतं ते एका रंगात लिहा, जे बदलतं ते दुसऱ्या. आणि प्रत्येक गोष्टीखाली कुणी सांगितली, कधी सांगितली, सांगणाऱ्यानं ती कुणाकडून ऐकली होती, हे टिपा. दहा वर्षांनी हीच ओळ सगळ्यात मोलाची ठरते आणि हीच ओळ लिहायचा सगळे कंटाळा करतात.

जाता जाता देव्हारा पाहा. देवांच्या टाकांमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या प्रतिमांमध्ये, एखादा घोड्यावरचा वीर, एखादा मुंजा, एखादी सवाष्ण असेल. लग्न न होता गेलेला मुलगा वंशावळीत टिकत नाही, कारण त्याच्यापुढे रेघ जात नाही. पण टाकात तो टिकतो आणि दसऱ्याला उजळलाही जातो. 'हा कुणाचा टाक?' हा प्रश्न मी प्रत्येक घरात विचारते.

आता पेटी. गाठोडं सोडायच्या आधी त्याचा फोटो काढा. कागद कुठल्या क्रमानं बांधलेत, कुठला कशात गुंडाळलाय, याला अर्थ असतो. तो क्रम मोडला की पुन्हा लागत नाही. प्रत्येक कागदाला पेन्सिलीनं कोपऱ्यात बारीक नंबर द्या, दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. लॅमिनेट केलेला कागद बघितला की माझ्या पोटात खड्डा पडतो. स्वच्छ सुती कापडात बांधा, वेखंडाची पुरचुंडी टाका, माळ्यावरून खाली आणा. पत्र्याखालची उष्णता वाळवीपेक्षा कमी वाईट नाही.

त्यात काय असेल ते न बघता सांगते: सारा भरल्याच्या पावत्या, दोन-चार गहाणखतं, एखादं वाटणीपत्र किंवा फारखत (हक्क सोडल्याचा कागद), कर्जरोखे, आणि नशीब असेल तर लग्नाची याद. लोक खरेदीखत बघून हरखतात. मला विचाराल तर लग्नाची याद सगळ्यात श्रीमंत. कुणी काय आहेर केला, कुणाला काय मानपान दिला, याची ती यादी म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या सोयरिकींचा नकाशाच. जी आत्या वंशावळीत नाही ती तिथं खणाच्या पुढं नावानिशी असते.

मोडी स्वतः शिका. वाटते तेवढी अवघड नाही, रोज तासभर दिलात तर सहा महिन्यांत गेल्या शतकातलं साधं खत वाचता येतं. आधी इंग्रजी अमदानीतले कागद घ्या. पेशवाईतलं अक्षर देखणं असतं. शब्द तोडायची रीत मोडीत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही, त्यामुळं शब्द ओळखीचा असावा लागतो. काही शब्द पाठच करून टाका. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' किंवा 'जोजे' म्हणजे अमक्याची बायको. 'सखूबाई कोम रामजी' असं वाचून कोम हे आडनाव आहे असं समजणारे मला दोघं भेटलेत. 'छ' हे अक्षर तारखेआधी आलं की ते चंद्र, म्हणजे पुढं मुसलमानी महिन्याची तारीख येणार. 'पैवस्ती' म्हणजे कागद मिळाल्याची नोंद.

आणि सन. इथं बहुतेक जण आपटतात. एक गृहस्थ यादवांच्या काळातला कागद म्हणून माझ्याकडं आले होते, चेहरा अगदी फुललेला. कागदावर स्वच्छ '१२९६'. पण वर राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचा स्टॅम्प! ते साल फसली होतं, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशोबाचं. फसलीत ५९० मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंतचा कागद असेल तर ५९१. म्हणजे १८८६-८७. शालिवाहन शकात ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. पेशवाईतल्या कागदात शुहूर नावाचा आणखी एक सन अरबी आकड्यांत शब्दांनी येतो, आणि तो उलटा, एककापासून सुरू होतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून ६००. जानेवारीतला कागद असेल तर आला १७६१. ओळखलंत? हे पानिपताचं साल.

त्या पानिपताबद्दल बोलायलाच हवं. माझ्याकडं येणाऱ्या दर दहा घरांतल्या सहा-सातांचे पूर्वज पानिपतात पडलेले असतात. खोटं बोलतात असं नाही. लाखाच्या घरात माणूस तिकडं गेलेलं होतं, आणि साताऱ्या-सांगलीच्या मुलखातून फार गेलं. पण साध्या शिपायाचं, बाजारबुणग्याचं नाव लिहिलेली यादी मी तरी कुठल्या दफ्तरात पाहिलेली नाही. पथकं आणि सरदार सापडतात, त्यांच्या घोड्यांचा हिशोब सापडतो, माणूस सापडत नाही. आणि हिशोब करा. पानिपताला दोनशे पासष्ट वर्षं झाली, म्हणजे नऊ-दहा पिढ्या. तुम्हाला चार ठाऊक. मधल्या पाच-सहा पिढ्या ओलांडून ही एकच गोष्ट उडी मारून आली असेल तर ती कुणीतरी मध्येच आणून ठेवलेली असण्याचा संभव बराच. 'आमचं मूळ उदेपूरचं' याचंही तेच. गोष्ट फेकू नका. 'आमच्या घरात असं सांगत आलेत' या शब्दांत लिहा आणि ती कुणाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली ते लिहा. बऱ्याचदा असं निघतं की ती शाळेत गेलेल्या पहिल्या पिढीनं घरात आणली.

पणजोबांच्या भावाची गोष्ट मात्र मला खरी वाटते, कारण तिच्यात बढाई नाही. 'गेला तो आलाच नाही' असं कुणी मिरवायला सांगत नाही. पणजोबांच्या वयाचा अंदाज घेतला तर ही लढाई पहिलं महायुद्ध असावी. सातारा जिल्ह्यातून तेव्हा भरपूर भरती झाली. गावच्या जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे का पाहा. या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धाला किती माणसं गेली, त्यांतली किती मेली, असा मजकूर असलेल्या पाट्या आपल्याकडं अनेक गावांत आहेत. रंगाचे थर चढून अक्षरं दिसेनाशी झालेली असतात. पाटीवर आकडाच असतो, नाव नसतं. नावासाठी कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. तिच्यात पुष्कळ वेळा बापाचं नाव, गाव, तालुका असं दिलेलं असतं. आडनावानं शोधू नका, इंग्रज कारकुनानं त्याचं काय केलं असेल सांगता येत नाही. पलटणीनं आणि गावानं शोधा, आणि गावाच्या नावाची चार-पाच वेगवेगळी स्पेलिंगं करून बघा. आपल्याकडची पुष्कळ माणसं सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. त्यानंतर कैदेत जे मेले ते घरच्यांच्या दृष्टीनं 'आलेच नाहीत'.

पन्नास-साठ वर्षं आधीची गोष्ट असती तर मी वेगळीकडं पाठवलं असतं. कोकणातून आणि घाटावरूनही माणसं जहाजात बसून मॉरिशसला मजुरीला गेली, ती तिथंच राहिली. त्यांच्या उतरल्याच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, आणि तिथले मराठी लोक आज उलट्या बाजूनं आपलं गाव शोधत इकडं येतात. बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सोपं. रोहेकर, पेणकर, केहीमकर. गाव आडनावातच बांधून नेलेलं.

आता बाहेरचे कागद. तुमच्या भागात हेळवी येत असत, काही ठिकाणी अजून येतात. सुगी झाली की बैलावर बसून दारात यायचे आणि घराण्याची पिढीवार नावं म्हणून दाखवायचे. कानडी वळणाची मराठी, हातात जाडजूड वही. धान्य, कपडा, एखादं भांडं घेऊन जायचे. हेळव्यांची गावं आणि घराणी वाटून घेतलेली असतात, त्यामुळं 'आपला हेळवी कुठला' हे भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. मूळ गाव कुठलं, तिथून का उठलो, कुठली भावकी कुठं फुटली, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. माझा अनुभव सांगते: अलीकडच्या सहा-सात पिढ्या कागदांशी नीट जुळतात, त्याच्या मागं गेलं की नावं देवादिकांना जाऊन मिळतात. खानदेशात हेच काम भाट करत आले. नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय तर ठाऊक असतीलच. गावानं आणि आडनावानं तुमचा उपाध्याय ठरलेला असतो, आणि त्याच्या चोपडीत तुमच्या कुणी अस्थी घेऊन गेलं असेल तर भावांची, मुलांची, कधी आईची नावं लिहिलेली सापडतात, लिहिता येत असेल तर पूर्वजाच्या स्वतःच्या अक्षरात. ते अक्षर बघून माणसं रडतात. आणि तिथं गेलात तर तुमची नोंद करताना बहिणींची नावंही सांगा. उपाध्याय थांबवत नाहीत, आपणच सांगत नाही.

सरकारी कागदांत तुमच्या कामाचे तीन. पहिला फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, गाव नमुना सहा. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्यानंतर गावोगाव फेरफार लिहिले जाऊ लागले आणि माणूस मेला की वारसांची नोंद झाली. त्यात 'ए.कु.मॅ.' दिसेल, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता. अमक्याचा अ.पा.क. म्हणून आईचं नाव दिसलं की समजा, बाप तरुणपणी गेला. आणि एक गंमत बघा. जुन्या वारसनोंदीत लेकी क्वचितच असतात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर त्या एकदम उगवतात, सगळ्या आत्या नावा-गावासकट, आणि पुढच्याच एखाद्या फेरफारात हक्कसोड होऊन मावळतात. मधल्या त्या एका पानासाठी मी लोकांना तलाठ्याकडं पाठवते. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर मिळतात.

दुसरा कोतवाल बुक, गाव नमुना चौदा, गावच्या जन्म-मृत्यूची नोंद. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. जन्माला बहुतेक वेळा नाव नसतं, बारसं व्हायचं असतं. 'अमक्यास मुलगी' एवढंच. मृत्यूला कारण असतं: ताप, पटकी, देवी. तिसरा शाळेचा जनरल रजिस्टर. तिथली जन्मतारीख १ जून असेल तर ती आईनं दिलेली नाही, गुरुजींनी दिलेली आहे. जुलै-ऑगस्टात जन्मलेल्या आपल्या आज्या-आजोबांची निम्मी पिढी १ जूनला वाढदिवस करते.

जिल्ह्याची नावंही सांभाळा. तुमचं गाव १९४९ पर्यंत साताऱ्यात, मग 'दक्षिण सातारा', आणि १९६० पासून सांगली. घरात वतन किंवा इनाम होतं अशी काही कुणकुण असेल तर मग पुण्याचं पुराभिलेखागार. इनाम कमिशननं १८५२ च्या कायद्यानंतर लोकांना हक्क शाबीत करायला लावला, त्यापायी माणसांनी वंशवृक्ष लिहून दिले आणि ते आजही रुमालांत आहेत. १८७४ च्या वतन कायद्याची रजिस्टरं तशीच. बलुतेदार आणि महार वतनाची नावंही अशा कागदांत मिळतात. ज्या घरांत एक चिठोरंही नाही त्यांनी 'आमचं काही लिहिलेलंच नसणार' असं समजू नये. अलीकडं, २०२३ पासून, न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी दफ्तरं बाहेर निघाली, स्कॅन झाली, पुष्कळशी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. लोक त्यात जातीच्या दाखल्यासाठी लागणारी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची एक नोंद शोधतात आणि सापडली की फाईल मिटतात. त्याच पानावर पणजीचं नाव असतं.

फेरफार मागायच्या आधी मात्र भावकीत सांगून ठेवा. आपल्याकडं जुन्या सात-बाऱ्याची नक्कल काढली की पहिला अर्थ 'वाटणी मागायला आलाय' असा निघतो. तुमचे चुलते निम्मे त्यामुळंच बिथरले असतील, दुसऱ्या बायकोचं निमित्त झालं असेल.

तर ती दुसरी बायको. लग्नाची की पाटाची? तुमच्या लिहिण्यावरून पाटाची वाटते. विधवेचा किंवा सोडलेल्या बाईचा पाट लावणं, म्हणजे तिचं दुसरं लग्न लावणं, काही ठिकाणी मोहतूर म्हणतात, ही आपल्याकडच्या बहुतेक शेतकरी आणि बलुतेदार जातींत राजरोस चालणारी गोष्ट होती. विधी लहान, बहुधा रात्री, पण संसार पुरा आणि मुलं हक्काची. मराठेशाहीत सरकार त्यावर 'पाटदाम' नावाची पट्टीसुद्धा घ्यायचं. लपवाछपवीच्या गोष्टीवर पट्टी बसत नाही. पुढं जसजसं वरच्या जातींसारखं दिसायची हौस आली तसतसं 'आमच्यात पाट नाही' म्हणायची पद्धत पडली. चुलत्यांची लाज पणजोबांच्या वेळची नाही, नंतरची आहे. हे त्यांना ग्रुपवर सांगू नका. घरी जा, चहा घ्या, आणि पणजोबांची पहिली बायको कशानं गेली ते विचारा. साल १९१८-१९ च्या आसपासचं निघालं तर कोतवाल बुक काढा. मानमोडीनं देशात कोटीच्या वर माणूस नेलं, आणि तेही धडधाकट, तरुण. घरोघर विधुर आणि विधवा उरल्या, पदरात मुलं. त्या वर्षा-दोन वर्षांत लागलेले पाट म्हणजे बहुतेक वेळा दोन मोडक्या घरांनी एकमेकांना दिलेला टेकू. हे माझं अनुमान, तुमच्या घरचा कागद काय म्हणतो ते तुम्ही पाहा. पण चुलते दुसरीचे नातू असतील तर त्यांना ही गोष्ट तुमच्याकडून कळायला नको होती, निदान पन्नास जणांसमोर तरी.

म्हणून ग्रुप थांबवा. लिहिणं थांबवू नका. माझी रीत अशी आहे: ज्या माणसाची गोष्ट आहे त्याची मुलं हयात असतील तर लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवते. ते नको म्हणाले तर वहीत राहतं, बाहेर जात नाही. खोटं मात्र लिहायचं नाही. एक ओळ सोडता येते, फिरवता येत नाही. दोन चुलत घरं एकच गोष्ट दोन तऱ्हेनं सांगत असतील तर दोन्ही छापा, एकाखाली एक, नावांसकट. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आयांची माहेरची आडनावं ग्रुपवर, फेसबुकवर टाकू नका. बँका आजही ओळख पटवायला हेच विचारतात.

आणि एकदम सगळं वाढू नका. सहाशे नावांचा वंशवृक्ष फ्लेक्सवर छापून जत्रेत लावलेला मी पाहिलाय. माणसं येतात, आपलं नाव शोधतात, फोटो काढतात, जातात. एका दिवाळीला एकच गोष्ट, दोन पानं, मोठ्या अक्षरात, झेरॉक्स करून घरोघर द्या. खाली दोन बोटं जागा कोरी सोडा आणि लिहा: 'यात चूक असेल तर इथं लिहून परत द्या.' लोकांना गोष्ट सांगायला बोलावलं तर येत नाहीत, चूक काढायला बोलावलं तर धावत येतात. माझ्याकडची निम्मी माहिती अशा चुकांतूनच आलेली आहे. तुमच्या बाबतीत पहिली गोष्ट त्या लढाईला गेलेल्या भावाची करा. त्यावर कुणी रागावणार नाही, आणि पाटीचा फोटो बघून कुणाला तरी काहीतरी आठवेल. आजोबांच्या मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरींची कूपनं आजींनी जपली असतील तर ती पुढच्या वर्षी. त्या चार ओळींच्या जागेत माणसं काय काय लिहायची!

भांडी काढाल तेव्हा आजींच्या हातात चिंच-मीठ किंवा पितांबरी पडायच्या आत नावांचे फोटो घ्या. पाहुणा येणार म्हटलं की त्या घासायला बसतील, आणि टोचलेली अक्षरं दर घासणीला थोडी थोडी जातात. तिरपा उजेड पाडा, म्हणजे टिंबं उठून दिसतात. कागदावरच्या एखाद्या सनाचा उलगडा झाला नाही तर फोटो पाठवा. पण आकडा दिसेल असा, अंगठा बाजूला ठेवून.